थंडीतलं रान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, शेतकरी नाही. बँकेत नोकरी करतो, पुण्यात राहतो. शेतीवर बोलण्याचा अधिकार मला किती, हा प्रश्नच आहे. त्यात आज मी बोलणार आहे ते संगणकावरच्या एका खेळातल्या शेतीबद्दल, आणि तेही त्या शेतीतल्या हिवाळ्याबद्दल. आपल्यापैकी काहींनी आताच रेडिओ बंद करायला हात पुढे केला असेल. पाच मिनिटं थांबा. या खेळापायी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि ती आमच्या खऱ्या रानापर्यंत पोचली, म्हणून सांगतो.

गोष्ट २०२० सालच्या डिसेंबरातली. करोनाचे दिवस. शाळा मोबाईलवर, बँक मुखपट्टी लावून. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. एका संध्याकाळी मी घरी आलो तर तो संगणकासमोर रडवेला होऊन बसलेला. विचारलं तर म्हणाला, “बाबा, एका रात्रीत माझी सगळी शेती मेली.”

तो खेळत होता त्या खेळाचं नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. २०१६ साली आलेला हा खेळ एरिक बरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने एकट्याने चार-साडेचार वर्षं खपून तयार केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्टही त्याचीच. २०२४ अखेरपर्यंत जगभरात या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. गोष्ट साधी आहे. शहरातल्या कंपनीत मान मोडून काम करणाऱ्या नातवाला आजोबांनी मरताना दिलेलं एक बंद पाकीट असतं. जीव अगदी उबगला की उघड, असं सांगून दिलेलं. तो ते उघडतो, तर आत शेत नावावर केल्याचं पत्र. नोकरी सोडून नातू गावी येतो. शेत म्हणजे दगड, झुडपं आणि तण. गावचा सरपंच हातावर पंधरा बिया ठेवतो आणि शेती सुरू होते.

या खेळात वर्षाचे चार ऋतू, आणि प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. खेळातला पूर्ण दिवस आपल्या सुमारे चौदा मिनिटांत संपतो, म्हणजे एक ऋतू साडेसहा तासांत. प्रत्येक पिकाचा ऋतू ठरलेला आणि दिवसही ठरलेले. भोपळा शरदातला, तेरा दिवसांचा. माझ्या चिरंजीवांनी तो लावला होता सतराव्या दिवशी. आता हिशेब करा. सतरा आणि तेरा तीस. महिना मात्र अठ्ठावीसचा. पीक तयार व्हायला दोन दिवस कमी पडले. अठ्ठाविसाव्या रात्री झोपून सकाळी उठला तर बाहेर पांढरंशुभ्र बर्फ आणि भोपळ्याच्या वेली गेलेल्या.

“आता काय पेरायचं?” मी विचारलं.

“काही नाही. हिवाळ्यात काही उगवतच नाही. दुकानात एकही बी मिळत नाही.”

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी पलंगावर बसून होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. “कुणी सांगितलं उगवत न्हाई? थंडीत रान पडीक? आरं, थंडीत तर रानाला खरा रंग येतो!”

आबांचं चिडणं समजायचं तर आमचं गाव समजायला हवं. आमची जमीन सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा तालुक्यात. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. २०१६ साली तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही ज्वारी रब्बीची. पावसाळाभर आमची काळी भारी जमीन पाणी पिऊन घेते. भाद्रपद-आश्विनात वाफसा आला की तिफण चालते, आणि त्यानंतर वरून पाणी मिळालं तर मिळालं, नाही तर नाही. जमिनीच्या पोटात साठलेली ओल आणि पहाटेचं दहिवर एवढ्या भांडवलावर ताट डोक्याच्या वर जातं. डिसेंबर-जानेवारीत कणसं हुरड्याला येतात, माघ-फाल्गुनात खळं. म्हणजे ज्या दिवसांत खेळातलं शेत मेलेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत आमचं शेत जगतं. सत्तर वर्षं हे पाहिलेल्या माणसाला ‘थंडीत काही उगवत नाही’ हे वाक्य सहन होणं कठीणच.

नातवाला मात्र खेळ खोटा ठरलेला चालेना. मग त्या रात्री मी थोडा शोध घेतला. खेळ खोटा नाही आणि आबाही खोटे नाहीत. दोघांची गावं वेगळी आहेत, एवढंच.

शेतीच्या अशा खेळांचं मूळ जपानमध्ये आहे. यासुहिरो वादा यांचा ‘हार्वेस्ट मून’ हा खेळ तिथे १९९६ साली आला. मारामारी न करता खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. तो बरोनने लहानपणी खेळला, त्यावर जीव जडला, आणि मोठेपणी त्याच्या वळणावर स्वतःचा खेळ बांधला. बरोन वाढला अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहराच्या परिसरात. त्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. आपल्या सोलापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो, आणि दुपारचा पारा तिशीला टेकतो. पिकाला आणखी काय हवं?

थंड मुलखात हिवाळा पिकाला मारतो तो दोन बाजूंनी. जमिनीतलं पाणी गोठलं की मुळांना ते ओढता येत नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू उजेडाची. अमेरिकेच्या मेन राज्यात एलियट कोलमन नावाचे शेतकरी हिवाळ्यातल्या भाजीपाल्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहेत. ते सांगतात की दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ थांबल्यासारखी होते. या काळाला त्यांनी ग्रीक पुराणातल्या पर्सेफोन या देवीचं नाव दिलं आहे. ती वर्षातले काही महिने पाताळात जाते आणि पृथ्वी ओसाड होते, अशी ती कथा. कोलमन या काळात भाजी वाढवत नाहीत. त्याआधीच वाढवून ठेवतात आणि आच्छादनाखाली ताजी राखून काढत राहतात. त्यांच्या हिवाळी पिकाची खरी मेहनत उन्हाळ्याच्या शेवटी होते.

खेळाने काही गोष्टी सोप्या करून घेतल्या आहेत हेही खरं. सरपंच ज्या पंधरा बिया देतो त्या पार्सनिपच्या, म्हणजे गाजराच्या कुळातल्या एका पांढऱ्या मुळाच्या. खेळात ते वसंतातलं चार दिवसांचं पीक. प्रत्यक्षात पार्सनिप शेतात महिनोन् महिने असतं, आणि कडाक्याची थंडी खाल्ल्यावर त्यातल्या पिठाची साखर होऊन ते जास्त गोड लागतं. थंड देशांतला हिवाळी गहूही असाच. शरदात पेरतात, कोवळी रोपं बर्फाखाली हिवाळा काढतात आणि उन्हाळ्यात ओंबी येते. थंडी मिळालीच नाही तर तो नीट फुलोऱ्यावरच येत नाही. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग! थंडी ही पिकाची वैरीण न्हाई. तिच्या तयारीनं राहावं लागतं.”

तयारीनं राहावं लागतं, हे वाक्य त्या महिन्यात आमच्या घरी फार चाललं. कारण त्यानंतर रोज संध्याकाळी आबा नातवाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. इंग्रजी त्यांना येत नाही; नातू मराठी करून सांगायचा. आणि आबांच्या एकेका प्रश्नातून कळायला लागलं की चिरंजीव हिवाळ्यात उघडे का पडले.

पहिला प्रश्न, “जनावरं काय खातात?” खेळात याच्याकडे चार कोंबड्या, दोन बदकं, एक गाय आणि एक शेळी, अशी आठ जनावरं. हिवाळ्यात गवत वाढत नाही. प्रत्येक जनावराला रोज एक पेंढी वैरण लागते. वैरणीची कोठी बांधली असेल तर कापलेलं गवत तिच्यात साठतं. एका कोठीत दोनशे चाळीस पेंढ्या मावतात. आठ जनावरं, अठ्ठावीस दिवस, म्हणजे दोनशे चोवीस. एक भरलेली कोठी सगळा हिवाळा पुरून वर सोळा पेंढ्या उरवते. आमच्या शेतकऱ्याने गवत कापलं होतं उन्हाळ्यात आणि कोठी बांधली होती शरदाच्या शेवटी. सगळं गवत वाया. आता पन्नास नाण्यांना एक याप्रमाणे रोज चारशे नाण्यांची वैरण विकत. आबांनी बोटांवर हिशेब केला. “अकरा हजार दोनशे. गंजी रचली नाही की असं होतं बघ. दुष्काळात आम्ही कडब्यापायी काय काय विकलं ते सांगत बसत न्हाई.”

दुसरा प्रश्न, “बी राखलं का?” खेळाच्या हिवाळ्यात दुकान बी विकत नसलं तरी उघड्या रानात एक गोष्ट येते. बर्फात केशराच्या जातीचं एक फूल आणि एक स्फटिकासारखं फळ सापडतं. जमीन खणली की दोन प्रकारची कंदमुळं मिळतात. रानमेवा गोळा करण्यात हात पुरेसा बसला की या चार वस्तूंपासून दहा रानबिया करता येतात. त्या पेरून रोज पाणी घातलं की सात दिवसांत पुन्हा तोच रानमेवा. पहिल्या दिवशी पेरलं तर आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या दिवशी, असं तीन वेळा पीक हाती येतं. चौथं सापडतं ऋतू पालटण्याच्या तावडीत. नातू मिळेल ते विकून टाकत होता. आबांनी थांबवलं. “चाराचं दहा होतंय म्हणतोस, मग विकतोस कशाला? आधी पेर. पोट शेवटच्या खेपेला भर.” आठ वस्तूंच्या वीस बिया झाल्या, विसांच्या पन्नास. बर्फात हिरवा चौकोन दिसू लागला. पोरगं खुलत गेलं.

तिसरी गोष्ट हरितगृहाची. खेळातल्या शेतावर एक मोडकळीला आलेलं काचघर असतं. दुरुस्त झालं की आत दहा ओळींत बारा, म्हणजे एकशे वीस घरांची जमीन मिळते, आणि तिथे कोणतंही पीक कोणत्याही ऋतूत येतं. ते दुरुस्त करायची वाट मला फार आवडली. गावात पडकं समाजमंदिर आहे. तिथल्या कोठारात वसंत, ग्रीष्म आणि शरद या तिन्ही ऋतूंतल्या नेमून दिलेल्या पिकांची एकेक वाणगी द्यायची. शिवाय उत्तम प्रतीचं धान्य-भाजी, दूध-अंडी, घरी केलेले पदार्थ. अशी सहा गाठोडी भरली की काचघर उभं राहतं. दुसरी वाटही आहे. बड्या कंपनीचं सभासदत्व घेऊन पस्तीस हजार नाणी भरायची. पण मग समाजमंदिराचं कंपनीचं गोदाम होतं. आबा म्हणाले, “ती वाट नको.”

नातवाची पाच गाठोडी भरली होती. सहाव्यात एक टोमॅटो कमी होता. उन्हाळ्यात शेकड्याने पिकवले, सगळे विकले, एक ठेवला नाही. आता पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहायची. पण खेळात शुक्रवारी आणि रविवारी एक फिरती गाडीवाली येते, तिच्याकडे काय असेल याचा नेम नसतो. आबा म्हणाले, “बाजार चुकवू नकोस.” तिसऱ्या रविवारी तिच्या गाडीत टोमॅटो निघाला. भाव कितीतरी पट. नातवाने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काचघर उभं!

त्या संध्याकाळी घरात दिवाळी होती. नातवाने एकशे वीस घरं खणली, पेरली, आणि सहज आबांकडे वळून विचारलं, “आबा, आपल्या खऱ्या रानात आत्ता काय आहे?”

आबा काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले.

खऱ्या रानात त्या वर्षी काहीच नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण ते माझ्यामुळे. २०१९ साली आई गेली आणि मी आबांना पुण्याला आणलं. पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली. सप्टेंबरात ते पेरणीला जाऊ म्हणाले, तर मी साथीचं कारण सांगितलं. ऑक्टोबरात सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला. मी म्हणालो, “बघा, यंदा राहू द्या.” पाणी ओसरल्यावर आबा म्हणाले होते, “ओल भरपूर हाय, उशिराचा हरभरा साधेल. शेजाऱ्याला वाट्यानं देतो म्हणून फोन कर.” मी करतो म्हणालो. केला नाही. खरं कारण असं की त्या जमिनीचं काय करायचं हे मी मनात ठरवत होतो. चार एकर कोरडवाहू, कोण बघणार? एकदा पड पडली की आबांचं मनही निघेल, मग विकायचा विषय काढता येईल. शेजारच्या रानांत त्या वर्षी उशिराचा हरभरा घाट्यांनी लगडला होता. आमचं रान तेवढं मोकळं होतं.

म्हणजे आबा महिनाभर ज्या शेतात हिवाळ्यात काही पिकत नाही तिथे पीक काढून दाखवत होते, आणि जिथे हिवाळ्यातच पिकतं ते त्यांचं रान मी पडीक ठेवलं होतं.

मी गॅलरीत गेलो. काय बोलावं सुचेना. “आबा, फोन करायचा राहिला,” एवढंच म्हणालो. ते म्हणाले, “राहिला न्हाई. तू केला न्हाईस. मला ठाऊक हाय.” मग थोड्या वेळाने, “विकायचं असंल तर विक. पण पड ठेवून विकू नकोस. उभं पीक असताना विक. रानाची लाज राहील.”

एवढ्यात नातू मागे येऊन उभा राहिला. त्याला आमच्यातलं काही कळलं नव्हतं. म्हणाला, “आबा, माहितीये का? खेळातले मेलेले आजोबा तिसरं वर्ष लागलं की परत येतात. नातवाने शेत कसं ठेवलंय ते बघायला.”

आबा हसले. “मी जिवंतपणीच बघून घेतो म्हणावं!”

श्रोतेहो, ती जमीन मी विकली नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात चार दिवस रजा टाकली, आबांना घेऊन गावी गेलो. शेजाऱ्याशी अर्ध्या वाट्याचं बोलणं झालं. वर्षभराची पड असल्याने तण मातलं होतं, कुळवाच्या पाळ्या जास्त घालाव्या लागल्या. तिफणीमागे आबा चालले, माझा मुलगाही चालला. दोन कोळपण्यांच्या वेळी आबा तिथेच राहिले. कोळपणीने तण निघतं हे मला माहीत होतं. तिने जमिनीच्या भेगा बुजतात आणि आतली ओल उडून जात नाही, हे मुलाला समजावताना मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे ओल ही आपली कोठी!” खरंच आहे. कुणाची पेंढ्यांची, कुणाची ओलीची. थंडीतलं पीक हे साठवणीचं पीक. आधीच्या ऋतूत जे राखून ठेवलं तेच या ऋतूत वर येतं. जानेवारीत आगटीभोवती बसून हुरडा खाल्ला. पीक किती झालं? फार नाही. खर्च वजा जाता बँकेच्या भाषेत सांगण्यासारखं काही उरलं नाही. कडबा मात्र चांगला झाला आणि वर्षाची ज्वारी घरी आली.

शेती परवडते असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं शेतकऱ्यांची थट्टा होईल. खेळात मेलेलं पीक पुढच्या ऋतूत विसरता येतं. खऱ्या शेतात त्याचं कर्ज मागे राहतं. खेळातल्या शेतकऱ्याला गारपीट नाही, भाव पडत नाहीत, मुलीचं लग्न नाही. संगणकावर नांगर चालवून कुणी शेतकरी होत नाही. पण माझ्या मुलाला ऋतू म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा वाटत होता, तो त्याला त्या खेळात पहिल्यांदा चुकला, चटका बसला, आणि म्हणून त्याने आजोबांना प्रश्न विचारला. तो प्रश्न मी इतकी वर्षं विचारला नव्हता.

एक शेवटची गंमत. २०२४ च्या मार्चमध्ये त्या खेळाची नवी आवृत्ती आली. मुलगा आता कॉलेजच्या उंबरठ्यावर, खेळ मागे पडलेला. तरी त्याने गावी आबांना फोन लावला. “आबा, खेळात हिवाळ्याचं पीक आलं! बर्फात उघड्यावर येणारं कलिंगडासारखं फळ आहे. सात दिवसांचं. बी जमीन उकरली की सापडतं.”

आबांनी विचार करून उत्तर दिलं, “आलं ना शेवटी त्यांच्या ध्यानात.” आणि मग लगेच, “ते राहू दे. हरभरा काढायला आलाय. तुझ्या बापाला म्हणावं, शनिवारी ये.”

मी गेलो होतो.